रविवारी मी कुणाचं वजन तपासत नाही

सोमवार ते शनिवार माझ्या पेटीत
पितळी वजनं असतात, मखमलीच्या खोबणीत झोपलेली,
पाच किलोच्या थोरल्यापासून एक ग्रॅमच्या शेंडेफळापर्यंत.
मी दुकानात शिरलो की काटे श्वास रोखतात.

रविवारी फक्त कापडी पिशवी.
विश्रामबागेत, पाण्याच्या टाकीखालच्या मैदानात
सातलाच बाजार भरतो. टाकी गळते.
ती जिथं गळते तिथं पालेभाजीवाल्या बसतात,
शहाण्या आहेत.

हरिपूरची बाई काठची वांगी मांडते,
देठाचे काटे फक्त गिऱ्हाइकाला टोचतात, तिला नाही.
सावळजचा बेदाणावाला चाखायला दोन मणुके देतो
आणि माणूस पाव किलोला बांधला जातो.
नसीर मिरजेहून भोपळे आणतो,
तंबोऱ्यासाठी पिकवलेले, पण कुठं चीर, कुठं बाक.
आता भोकं पाडून त्यांचे दिवे केलेत.
मी एक कानाशी धरून टिचकी मारतो.
"सायब, सुरात न्हाई म्हणून तर हितं आलाय."

अडचण एकच.
चार महिन्यांत मी सगळ्यांना ठाऊक झालोय.
किलो मागितलं की पारडं माझ्याकडं झुकतं,
वर एक वांगं, त्यावर आणखी एक,
मग मूठभर कोथिंबीर, जणू मी रुसलेला जावई.
या गावात मला अजून कुणी
एक किलो एक किलो म्हणून दिलेलं नाही.

म्हणून काशव्वाकडं गेलो.
तिच्याकडं तराजूच नाही.
परड्या, रोवळ्या, दुरड्या, सुपं,
आणि कांब चिरणारा विळा, जो वर बघत नाही. ती पण नाही.

"सूप केवढ्याला?"
"कशाला पायजे?"
(चौकशी करायची सवय माझी. उत्तर द्यायची नाही.)
"भिंतीला लावायला. बैठकीत छान दिसेल."
तिनं सूप माझ्या हातातून काढून घेतलं.
"मग फुटू काढा आन् जावा.
ह्ये वाऱ्यासाठी केलंय."

विळा पुन्हा चालू.
मी उभाच. मग जतच्या दऱ्याप्पाकडून
किलोभर शाळू घेऊन आलो, पुरावा म्हणून.
तिनं पिशवीत हात घातला, चार दाणे दाताखाली फोडले.
"पाखडाय येतं?"
"नाही."
"मनगट सैल सोडा. दाण्याला ढकलायचं न्हाई,
त्यो जातोय का ऱ्हातोय बघायचं."

दीडशे, म्हणाली. मी दोनशेची नोट दिली.
पन्नास परत आले. एक रुपया इकडं नाही, तिकडं नाही.

संध्याकाळी गच्चीत.
पहिल्याच झटक्याला ओंजळभर शाळू
शेजारच्यांच्या सोलरच्या काचेवर.
पारवे कुठून कळून येतात कोण जाणे.
दुसऱ्या झटक्याला चष्मा कोंड्यानं भरला.
वाळत घातलेली कुर्डई उचलायला आलेल्या आरवाडे काकू
काही न बोलता पायरीवर बसल्या आणि हसत राहिल्या.
विसाव्या की तिसाव्या वेळी
कोंडा आपणहून उठला,
पिवळा, पातळ, कुपवाडच्या दिशेनं गेला.
त्याला तोलेल असं वजन माझ्या पेटीत नाही.

खाली येऊन पेटी उघडली, रविवार असून.
छोटा काटा टांगला.
सांडलं, उडालं, पारव्यांनी नेलं, ते सगळं वजा जाऊन
शाळू भरला
एक किलो चाळीस ग्रॅम.

दऱ्याप्पा, लेका,
आता पावती कुणाच्या नावानं फाडू?